स्वर अंतर सोसतो, लय सोसत नाही

व्हिडिओ कॉलवर कुणी गायले-वाजवले की ऐकणाऱ्यांकडून ठरलेले दोन अभिप्राय येतात. पहिला : "छान झाले, पण प्रत्यक्ष मैफलीची मजा नाही." दुसरा : "नेट बरे असते तर आणखी रंगले असते." दोन्ही चांगल्या मनाने दिलेले असतात आणि दोन्ही उथळ आहेत. पहिला अभिप्राय कॉलला मैफलीच्या मापाने मोजतो आणि कमी भरला म्हणून बाजूला ठेवतो. दुसरा सगळा दोष वायरीवर टाकतो आणि एक दिवस वायर सुधारली की मैफल घरी येईल, अशी आशा लावून ठेवतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीने गवई, वादक, शिष्य आणि भजनी मंडळे यांना एकदम पडद्यासमोर बसवले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही २०२० आणि २०२१ मध्ये होऊ शकला नाही. पुढे सभागृहे उघडली, तरी कॉलवरच्या शिकवण्या आणि घरगुती बैठका थांबल्या नाहीत. अनुभव भरपूर साचला आहे. त्यावरचा विचार मात्र त्या दोन वाक्यांपाशीच अडला आहे.

माझे म्हणणे असे आहे. संगीतातली देवाणघेवाण एकाच वेळी तीन काळमानांवर चालते. पहिले मिलिसेकंदांचे : त्यावर लय जुळते, समेवर भेट होते. दुसरे सेकंदांचे : त्यावर दाद येते आणि ती गाणाऱ्याला पुढची जागा सुचवते. तिसरे मिनिटांचे : त्यावर काय गायचे, किती गायचे, कुणाची फर्माईश घ्यायची, कुठे थांबायचे हे ठरते. कॉल पहिले काळमान तोडतो, दुसरे दुखावतो आणि तिसरे जवळजवळ अखंड राखतो. त्यामुळे कॉलवरचे संगीत ही उणी पडलेली मैफल नाही. पाळीपाळीने चालणारा आणि ओळखीच्या माणसासाठी केलेला तो एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याला त्याचे नियम दिले नाहीत, तर त्यातून मिळण्याजोगे जे आहे तेही हातचे जाते.

१. यंत्रणा बोलण्यासाठी घडलेली आहे

सुरुवात यंत्रापासून करू, कारण गैरसमजाचा पहिला थर तिथे आहे. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पोचवत असे. शब्द कळायला तेवढा पुरतो. आज ती मर्यादा उरलेली नाही. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली 'ओपस' ही ध्वनिसंकेतन पद्धत ब्राउझरमधल्या कॉलमध्ये सर्रास वापरली जाते. ती बोलण्यासाठी सेकंदाला सहा हजार बिटांवरही काम चालवते आणि संगीतासाठी पाच लाख बिटांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ध्वनी वाहून नेण्याची क्षमता अपुरी नाही. बिघाड होतो तो ध्वनी घरातून निघण्याआधी, तीन प्रक्रियांमध्ये.

पहिली प्रक्रिया गोंगाट काढून टाकण्याची. माणसाचे बोलणे अक्षरागणिक चढते, उतरते, तुटते. पंखा, एसी, रस्त्यावरची घरघर एकसारखी चालू राहते. जे बदलते ते ठेवावे आणि जे एकसारखे आहे ते काढावे, असा या प्रक्रियेचा ढोबळ न्याय. आता तंबोऱ्याचा विचार करा. अखंड, स्थिर, न ढळणारा नाद हीच तंबोऱ्याची कसोटी. हा न्याय लावला की तंबोरा पंख्याच्या रांगेत जाऊन बसतो आणि पुसला जातो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर घोडीवर जवारी काढताना ज्या सूक्ष्म झंकारासाठी जिवाचा कान करतो, तो झंकार कॉलमधली एक न बदललेली सेटिंग क्षणात काढून टाकते. लांबवलेला षड्‌जही काही सेकंदांनी विरू लागतो. तबल्याच्या चाटेवरचा आखूड, टोकदार बोल कळफलकाच्या टकटकीत मोजला जाण्याची शक्यता असते आणि डग्ग्याची घुमक फोनच्या चिमुकल्या स्पीकरला काढताच येत नाही.

दुसरी प्रक्रिया प्रतिध्वनी रोखण्याची. पलीकडून आलेला आवाज इथल्या स्पीकरमधून निघून इथल्याच माइकवाटे परत जाऊ नये, म्हणून ती असते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आवाज आला की तिला कुठला आवाज खरा आणि कुठला परतलेला हे नीट ओळखता येत नाही आणि ती एक बाजू दाबते. संभाषणात हे खपून जाते. गाण्यात मात्र श्रोत्याने 'वा' म्हटले की नेमका त्या क्षणीचा गाण्याचा तुकडा गळून पडतो. तिसरी प्रक्रिया आवाजाची पातळी समान करण्याची. हळू आवाज ती उचलते, मोठा दाबते. ख्यालगायकाने वर्षानुवर्षे कमावलेला आवाजाचा लहान-मोठेपणा आणि सतारीच्या मींडेत ओसरत जाणारा स्वर या दोन्हींवर ती इस्त्री फिरवते.

कार्यालयातल्या बैठकीसाठी या तिन्ही प्रक्रिया योग्यच आहेत. त्या बंदही करता येतात. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय आहे आणि २०२० मध्ये तिला अधिक दर्जाच्या ध्वनीची जोड मिळाली. इतर सेवांतही गोंगाट गाळणे थांबवण्याचा पर्याय बहुधा सापडतो. तेव्हा "नेट खराब होते" म्हणून जे आपण सोडून देतो, त्यातला मोठा भाग नेटचा नसतोच. तो कुणीतरी आपल्यासाठी आधीच घेतलेल्या निर्णयाचा असतो. कुठला ध्वनी हवा आणि कुठला नको याचा निवाडा बोलणाऱ्या माणसाच्या बाजूने झालेला आहे. गाणाऱ्याने तो मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही.

२. अंतराचा हिशोब

सेटिंग बदलता येते. आता जे सांगायचे आहे ते बदलता येत नाही, आणि माझा मुख्य युक्तिवाद त्यावर उभा आहे.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. बैठकीत गायक आणि तबलजी दीड-दोन मीटरवर बसतात. एकाचा ध्वनी दुसऱ्याकडे चार ते सहा मिलिसेकंदांत पोचतो. एवढा उशीर कुणाच्या ध्यानातही येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या जोड्यांना टाळ्यांचा ठेका एकत्र धरायला लावून मधला विलंब कमी-जास्त केला. विलंब वाढत गेला तशी लय खाली पडत गेली. साधारण २५-३० मिलिसेकंदांपलीकडे लय राखणे अवघड होत जाते, असा या क्षेत्रातला सर्वसाधारण अनुभव आहे. तीस मिलिसेकंद म्हणजे हवेतले दहा मीटर.

लय खाली का पडते, हे समजून घेण्याजोगे आहे. गायकाला ठोका उशिरा ऐकू येतो. त्याला वाटते तबलजी मागे राहिला, म्हणून तो किंचित थांबतो. त्याचे थांबणे तबलजीकडे उशिरा पोचते. मग तोही थांबतो. दोघेही एकमेकांना सांभाळून घेत असतात, आणि त्या सांभाळून घेण्यानेच लय ढासळते. चूक कुणाचीच नसते. दोघे जितके सुजाण तितकी घसरण अटळ.

आता कॉलचा हिशोब मांडू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर. केबल सरळ रेषेत गेली आणि यंत्रांनी एक क्षणही घेतला नाही असे धरले, तरी एका बाजूचा प्रवास ६० मिलिसेकंदांहून अधिक. केबल सरळ रेषेत जात नाही आणि यंत्रे वेळ घेतातच. ध्वनी सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो; वाटेत मागे-पुढे झालेले तुकडे जुळवण्यासाठी पलीकडे थोडा साठा धरून ठेवावा लागतो. कानाला ब्लूटूथ लावले तर त्याचेच आणखी शंभर-दोनशे मिलिसेकंद. सगळे मिळून एका बाजूला दीडशे मिलिसेकंद सहज होतात. दीडशे मिलिसेकंद म्हणजे तबलजी पन्नास मीटरवर बसल्यासारखा. द्रुत तीनतालात मिनिटाला तीनशे मात्रा धरल्या तर एका मात्रेला दोनशे मिलिसेकंद मिळतात. म्हणजे पाऊण मात्रा वाटेतच गेली.

'५जी' सगळीकडे येऊ दे, फायबर घरोघरी पोचू दे, मग सगळे सुरळीत होईल, या आशेचा निकाल इथेच लागतो. जलद जोडणी घरापासून केंद्रापर्यंतचा टप्पा आखूड करते. समुद्र आखूड करत नाही. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यातला तबला-सतारीचा मेळ ही उद्याच्या तंत्रज्ञानाची बाब नाही, कारण तिथे आड येतो तो प्रकाशाचा वेग.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू सहसा कुणी मांडत नाही. विलंब लयीला मारतो, स्वराला नाही. पंचम अर्ध्या सेकंदाने पोचला तरी पंचमच राहतो. गांधाराची श्रुती समुद्र ओलांडताना उतरत नाही. स्वराचे नाते तंबोऱ्याशी असते आणि तंबोरा गाणाऱ्याच्या शेजारी असतो. दोघे एकत्र निघतात, एकत्र पोचतात. लयीचे नाते दोन माणसांमध्ये असते आणि ती दोन माणसे दोन ठिकाणी बसली की ते ताणले जाते. स्वर अंतर सोसतो, लय सोसत नाही. कॉलवर काय गावे-वाजवावे याचा पहिला नियम या भेदातून निघतो.

३. समेचे तुटणे, दादेचे दुखावणे

इथे जाणकार म्हणेल : द्रुत सोडा, विलंबित घ्या. विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची, आवर्तन पाऊण मिनिटाचे. त्यात दीडशे मिलिसेकंदांची काय मातब्बरी? युक्तिवाद आकर्षक आहे, पण टिकत नाही. आवर्तन लांबले म्हणून सम पसरट होत नाही. पाऊण मिनिट ताणून धरलेली अपेक्षा एका बिंदूवर उतरायची असते, आणि मुखडा व तबल्याचा 'धिं' दोन वेगळे ठोके म्हणून ऐकू आले की ती अपेक्षा फसते. उलट विलंबितात सम अधिक दुरून येते, म्हणून तिचे चुकणे अधिक बोचते.

याची प्रचीती २०२० च्या गणेशोत्सवात मराठी घरांनी घेतली. नातेवाईक कॉलवर जमले, सगळ्यांनी माइक उघडे ठेवले आणि एकत्र आरती म्हणू पाहिली. प्रत्येक घर दुसऱ्यापासून अर्धी-अधिक ओळ मागे-पुढे. टाळांचा मेळ बसेना आणि यंत्रणा कुणाला तरी एकालाच ऐकवू पाहत होती. दोष नेटला मिळाला. खरे तर तिथे सामूहिक, एककालिक गायन एका अशा साधनात बसवण्याचा प्रयत्न होता, जे मुळात एककालिक नाही.

सेकंदांच्या काळमानाचे दुःख वेगळे आहे. दाद ही आपल्या संगीतात गाणे संपल्यावर द्यायची पावती नसते. ती गाण्याच्या आत येते. एखाद्या जागेवर उमटलेला हुंकार, मान हलणे, समेवर पडलेला हात हे गायकाला सांगतात की इथे आणखी थांब, ही वाट पुढे ने. कॉलवर आवाजी दाद गाणे कापते, म्हणून यजमान सगळ्यांचे माइक बंद करतो. माइक बंद झाले की कंटाळलेले श्रोते कॅमेराही बंद करतात. मग गायक काळ्या चौकोनांसमोर गातो. कॉलवरच्या बैठकीत जो कोरडेपणा जाणवतो तो बहुतांशी याचा आहे. इथे मात्र काळमान तुटलेले नाही, दुखावलेले आहे. कारण डोळ्यांना दिसणारी दाद आवाज कापत नाही, आणि ती अर्ध्या सेकंदाने पोचली तरी तिचा अर्थ बदलत नाही. उचललेला हात आणि डोलणारी मान पडद्यावर दिसत राहिली तर गायकाला जे हवे त्यातले बरेच मिळते. हे नुकसान तंत्राइतकेच आपल्या आळसाचे आहे.

४. जे उरते, ते थोडे नाही

आता तिसरे काळमान. कोणता राग घ्यावा, ऐकणारा आज कोणत्या मनःस्थितीत आहे, ख्याल पुरे झाला की ठुमरीकडे वळावे, एखादी बंदिश पुन्हा म्हणावी का, ती कुणाकडून मिळाली हे सांगावे का — हे सगळे निर्णय मिनिटांच्या मापाने होतात. दीडशे मिलिसेकंदांचा उशीर त्यांना स्पर्शही करत नाही. एका बाबतीत तर कॉल सभागृहापेक्षा पुढे जातो. हजार माणसांच्या सभागृहात गायकाला दिव्यांपलीकडचा चेहरा दिसत नाही. कार्यक्रम छापलेला असतो, वेळ बांधलेली असते. पाच-सहा जणांच्या कॉलवर प्रत्येक चेहरा दिसतो, नावानिशी ठाऊक असतो आणि मध्येच "मारवा नको, आज यमनच गा" असे म्हणू शकतो. घरातल्या दिवाणखान्यात मोजक्या रसिकांसमोर होणाऱ्या खासगी बैठकीचे जे वैशिष्ट्य होते, त्याचा एक अंश कॉलवर शिल्लक राहतो.

आणि त्याहून मोठी गोष्ट : ऐकणारा कोण, हे ठरलेले असते. साताऱ्यात अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी न्यू जर्सीतला नातू सतारीवर भूप वाजवतो, तेव्हा त्या वाजवण्याचे मोल सतारीच्या ध्वनीच्या दर्जात शोधणे चूक आहे. आजीने ऐकलेल्या मैफलींपुढे तो भूप कच्चा असेल. पण तो तिच्यासाठी वाजवला आहे, ती ऐकते आहे हे त्याला दिसते आहे आणि ती "आलाप थोडा लांबव" म्हणाली तर तो लांबवतो. जगातली कुठलीही उत्तम तबकडी हे करू शकत नाही. संगीताला ऐकण्याच्या वस्तूची कळा येऊन शंभरावर वर्षे झाली. ते कुणासाठी तरी केले जाते, हे कॉल आपल्याला पुन्हा भोगायला देतो.

तालमीचे उदाहरण या विचाराला बळ देते. आपली तालीम बव्हंशी पाळीची आहे. गुरू एक जागा गातो, शिष्य ती घेतो. गुरू दुरुस्त करतो, शिष्य पुन्हा घेतो. तबल्याचा गुरू कायदा हातावर ताल धरून म्हणून दाखवतो, शिष्य आधी पढंत करतो, मग वाजवतो. यात दोघांनी एकाच क्षणी वाजवण्याची अट नाही. म्हणून मैफल कॉलवर आजारी पडते, तालीम मात्र तग धरते. परदेशातल्या मराठी मुलांच्या कितीतरी शिकवण्या टाळेबंदीच्या आधीपासून स्काइपवर चालत होत्या, त्यामागे सोयीइतकेच हे रचनेचे कारण आहे.

५. माध्यम आपला प्रकार घडवते

मर्यादेतून प्रकार जन्मतो, हे आपल्या संगीताच्या इतिहासाने दोनदा दाखवले आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनच्या कर्ण्यात गाऊन हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणाची वाट पाडली. तबकडीला मोजून तीनेक मिनिटे. तासभराच्या ख्यालाला ही थट्टा वाटावी. पण त्या पिढीतल्या मोठ्या कलावंतांनी तास कापून तीन मिनिटे केली नाहीत. त्यांनी तीन मिनिटांचे गाणे नव्याने रचले. मिरजेला घर केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आजही पूर्ण वाटतात, कारण त्या लांब गाण्याचा तुकडा म्हणून गायलेल्याच नाहीत.

दुसरा दाखला अगदी आपला. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत या क्रमाने सुरू झाले आणि वर्षभर चालले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी छप्पन्न गीतांची ही मालिका रेडिओच्या गुणधर्मांवर उभी केली : ठरलेला वार, ठरलेली वेळ, घरात बसलेला श्रोता, आणि पुढच्या आठवड्याची ओढ. नभोवाणीने सभागृहाची नक्कल केली असती तर हे घडले नसते. तिने विचारले की घराघरांत एकाच वेळी पोचणाऱ्या आवाजाला कोणता प्रकार शोभेल, आणि उत्तर मिळाले. कॉलबाबत तो प्रश्न आपण अजून गंभीरपणे विचारलेला नाही. आपण अजून मैफलीचे छायाचित्र पाठवतो आहोत आणि ते धूसर आले म्हणून हळहळतो आहोत.

६. आक्षेप आणि उत्तरे

*रेडिओवरही श्रोता समोर नव्हता. मग कॉलचे वेगळेपण काय?* स्टुडिओत श्रोता नसे, पण तबलजी, सारंगिये, तंबोऱ्यावरचे शिष्य त्याच खोलीत असत. मिलिसेकंदांचे काळमान शाबूत होते. सेकंदांचे आणि मिनिटांचे नव्हते. कॉलचे अगदी उलट आहे. रेडिओने साथ दिली आणि श्रोता घेतला. कॉल श्रोता देतो आणि दूरची साथ घेतो. म्हणून रेडिओवरून घेतलेले धडे कॉलला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

*मग उत्तम ध्वनिमुद्रण करून पाठवावे; आवाज तरी चांगला येईल.* आवाज चांगला येईल, हे खरे. पण पाठवलेली फीत ऐकणारा उद्यावर टाकू शकतो आणि वाजवणारा चार प्रयत्नांतला बरा निवडू शकतो. दोघांनीही एकमेकांना आपली वेळ दिलेली नसते. कॉलवर दोघे तीच अर्धी घटका खर्च करतात, चूक झाली तर ती दोघांसमोर होते आणि पुढचे काय ते दोघे ठरवतात. आवाजाचा दर्जा हा एकच निकष धरला तर फीत जिंकते. पण हा निकष सर्वश्रेष्ठ असल्याचे कुणी सिद्ध केलेले नाही.

*कॉलवरची तालीम अपुरी आहे.* मान्य, आणि हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणे, त्याच्या आवाजात आवाज मिसळणे, तो श्वास कुठे घेतो हे अंगाने जाणणे, त्याने बोट धरून तारेवर ठेवणे हे कॉलवर होत नाही. नुसत्या कॉलवर घडलेला शिष्य साथीसंगतीत अडखळेल, कारण दुसऱ्याबरोबर लय धरण्याचा सरावच त्याला नसेल. म्हणून वर्षातले काही आठवडे तरी गुरूसमोर काढणे ही चैन नव्हे, गरज आहे. पण दुसरीही बाजू आहे. समोरासमोरच्या वर्गात कच्चा विद्यार्थी गुरूच्या आणि इतरांच्या आवाजाआड लपू शकतो. कॉलवर त्याला पूर्ण जागा एकट्याने गावी लागते. बेसूर लपत नाही. शिस्तीच्या गुरूला हे साधन उपकारक ठरते.

*खास सॉफ्टवेअर विलंबाचा प्रश्न सोडवतात.* चेफ यांच्याच प्रयोगशाळेतून आलेले 'जॅकट्रिप' किंवा मुक्त स्वरूपातले 'जॅम्युलस' विलंब खूपच खाली आणतात. तारेची जोडणी, तारेचे हेडफोन आणि बरे ध्वनियंत्र असेल तर एका शहरातले किंवा मुंबई-पुण्याइतक्या अंतरावरचे दोघे खरोखर एकत्र वाजवू शकतात. हे जरूर करावे. पण ही साधनेही अंतराच्या अटीतच यशस्वी होतात. म्हणजे ती माझे म्हणणे खोडत नाहीत, त्याची सीमा आखतात. 'निन्जॅम' नावाच्या साधनाने तर विलंब लपवण्याऐवजी वाढवला : प्रत्येकाला दुसऱ्याचे वाजवणे एक पूर्ण चक्र उशिरा ऐकू येते. आपल्या तबला एकलवादनातला लेहरा आवर्तनामागून आवर्तन तोच राहतो. तो एक आवर्तन जुना असला तरी तबलजीच्या समेला धक्का लागत नाही. आवर्तनावर उभ्या असलेल्या आपल्या संगीताने या वाटेने प्रयोग करायला हवेत.

*लोक मैफलीला जाणे सोडतील.* सोडतील, जर आपण कॉलला मैफल म्हणून विकत राहिलो तर. दोन वस्तू एकच असल्याचे सांगितले की माणूस स्वस्त आणि सोयीची उचलतो. भेद स्पष्ट केला तर कॉलवर गाणाऱ्याला ओळखू लागलेला श्रोता मैफलीत अधिक तयारीने जाऊन बसतो. मैफलीचे रक्षण कॉलला नाके मुरडून होणार नाही. मैफल काय देते ते नेमके सांगण्याने होईल. ती एककालिकता देते, सम देते, एका छताखाली एका क्षणी उठलेली दाद देते. तिला पर्याय नाही, हे मी वरच्या हिशोबानेच दाखवले आहे.

७. यातून निघणारी रीत

पहिले, लयीचे सगळे भागीदार एकाच खोलीत असावेत. तबलजी दुसऱ्या गावी असेल तर त्याला कॉलवर ओढू नये. एकट्याने आलाप, जोड किंवा तबला-अ‍ॅपच्या ठेक्यावर छोटा ख्याल घ्यावा. दुसरे, स्वराला प्राधान्य देणारी सामग्री निवडावी. झाला आणि सवाल-जवाबाची चढाओढ सभागृहासाठी राखावी. तिसरे, आवाज गाळणाऱ्या प्रक्रिया आधी बंद कराव्यात, तारेचे हेडफोन वापरावेत आणि तंबोरा माइकच्या टप्प्यात ठेवावा.

चौथे, समूहगायन एका दिशेचे करावे. भजनात गायक ओळ म्हणतो आणि टाळकरी ती झेलतात, ही रचना मुळातच पाळीची आहे. एका घराने गावे, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी झेलावे. मग अभंगागणिक गाणारे घर बदलावे. सगळ्यांचा एक नाद कुणालाच ऐकू येणार नाही, पण प्रत्येक घरात भजन पूर्ण होईल. आरतीलाही हेच लागू.

पाचवे, ऐकणाऱ्याची जबाबदारी. माइक बंद, कॅमेरा चालू, हात मोकळे. दाद दिसेल अशी द्यावी. दोन चिजांच्या मध्ये गाणाऱ्याने थांबावे आणि ऐकणाऱ्यांनी बोलावे. नुसते 'छान' नको. कोणती जागा लागली, कुठे मन अडकले ते सांगावे. मैफलीत ही चर्चा गाडी काढेपर्यंत विरून जाते. कॉलवर ती कार्यक्रमाचा अर्धा भाग होऊ शकते, कारण जे मिनिटांचे काळमान शाबूत आहे त्यावरच ती चालते. सहावे, श्रोते थोडे ठेवावेत. चेहरे एका पडद्यावर मावले पाहिजेत. दुसऱ्या पानावर गेलेला श्रोता गाणाऱ्यासाठी उरत नाही.

८. निवड कुणी करायची

यातले काहीही अवघड नाही. अवघड आहे ते मैफलीचे माप खाली ठेवणे. ते हातात धरून ठेवण्यात एक सोय असते : दोष नेटवर जातो, कलावंताला काय निवडावे याचा विचार करावा लागत नाही आणि श्रोत्याला कसे ऐकावे याचा. या सोयीची किंमत मोठी आहे. अंथरुणाला खिळलेले, परदेशी गेलेले, आडगावात गुरू न मिळालेले, सभागृहाचे तिकीट न परवडणारे अशा कितीतरी माणसांपर्यंत जिवंत संगीत पोचण्याची वाट आज बहुधा ही एकच आहे. त्यांना आपण "खरे नव्हे ते" म्हणून उरलेसुरले देत राहिलो, तर तो त्यांच्यावर अन्याय आहे.

संगीत विद्यालयांनी कॉलवर गाणे-वाजवणे हा अभ्यासाचा भाग करावा : ध्वनीची मांडणी, सामग्रीची निवड, दूरच्या श्रोत्याशी संवाद. रचनाकारांनी पाळीपाळीसाठी बंदिशी बांधाव्यात. श्रोत्यांनी कॅमेरा उघडावा. कॉल बनवणाऱ्या कंपन्यांकडे आपण ठामपणे मागावे की अखंड नादाला गोंगाट समजणारी रचना हा मूळ पर्याय असू नये, निदान तो सहज सापडेल अशा ठिकाणी बंद करता यावा. समुद्र ओलांडून सम गाठता येणार नाही, हे एकदा मनापासून स्वीकारले की उरलेल्या सगळ्या निवडी आपल्या हातात येतात. त्या आपण केल्या नाहीत, तर बोलण्यासाठी बांधलेले यंत्र आपल्या संगीतात काय ऐकू यावे हे आपल्या वतीने ठरवत राहील.